मुंबईत पहिली रात्र कोणाच्या खोलीवर?

पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: औद्योगिक काळात खेड्यांतून शहरात माणसे आली, त्यामुळे शहरातले जगणे कसे बदलले, आणि गाव सुटले की माणसाची भावकी, जात, सणवार हळूहळू मागे पडून तो ‘शहरी’ होतो, असे जे क्रमिक पुस्तकांत लिहिलेले असते, ते आपल्याकडे कितपत लागू पडते? गेली अनेक वर्षे मी गिरणगावातल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती घेण्याचे आणि चाळींतल्या मंडळांची दप्तरे चाळण्याचे काम करतो आहे. त्यामुळे हे उत्तर मी मुंबईपुरते आणि त्यातही कापडगिरण्यांपुरते देतो. इंग्लंडातल्या गिरणी-शहरांवरून काढलेले निष्कर्ष मुंबईला जसेच्या तसे लावण्याची आपल्याकडे सवय आहे आणि बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मुलाखतीत मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारत आलो: मुंबईत आल्यावर पहिली रात्र कुठे काढलीत? उत्तरे ठरलेली असत. मावसभावाच्या खोलीवर, चुलत्याच्या ओळखीने गावकीच्या गाळ्यात, आतेच्या नवऱ्याबरोबर चाळीच्या गॅलरीत. फुटपाथवर झोपलो असे सांगणारेही भेटले, पण तो फुटपाथ सहसा गाववाल्यांच्या चाळीखालचा असे. परक्या शहरात एकटा, अनोळखी माणूस उतरला आहे, असे चित्र माझ्या वह्यांत फारच क्वचित सापडते. शहर त्याला परके असले तरी त्याच्या आधी त्याचे अर्धे गाव तिथे पोचलेले असे. याच कारणाने, गाव तुटल्यामुळे मुंबई औद्योगिक शहर झाली हे मला पटत नाही. ती गावाच्या आधाराने उभी राहिली आणि त्या आधाराची किंमत गावाने मोजली.

आधी थोडी पार्श्वभूमी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्याआधी १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि देशावरचा कापूस व देशावरचा माणूस दोन्ही एकाच वाटेने मुंबईत येऊ लागले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाच्या व्यापारात शहराने अमाप पैसा पाहिला. मग भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि पुढच्या दशकांत जे भांडवल टिकले ते गिरण्यांकडे वळले. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी, प्रभादेवी असा गिरण्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकत गेला आणि त्यालाच पुढे लोक गिरणगाव म्हणू लागले. शहराच्या या भागाच्या नावातच ‘गाव’ आहे, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे.

१८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४४ हजार होती. १९२१ मध्ये ती ११ लाख ७५ हजारांवर गेली. पण एकूण आकड्यापेक्षा जन्मस्थानाचा रकाना अधिक बोलका आहे. १८७२ मध्ये शहरात राहणाऱ्या शंभरांपैकी एकतीस जण मुंबईतच जन्मलेले होते. १९२१ मध्ये हे प्रमाण जेमतेम सोळावर आले. म्हणजे अर्ध्या शतकात शहर वाढले, पण शहरात ‘इथलाच’ म्हणावा असा माणूस प्रमाणाने निम्मा उरला. बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. १९११ आणि १९२१ या दोन्ही जनगणनांत या जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईत मोजले गेले. त्यांच्या मागोमाग सातारा, पुणे, कोल्हापूर आणि नगरकडचे घाटावरचे लोक होते. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले. तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी बांधकामाच्या कामांत जम बसवला.

ही माणसे का आली? कोकणात शेतीचे तुकडे लहान, पीक पावसाळ्यापुरते, आणि डोक्यावर खोत, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा वतनदार. खोतीत कुळाला पिकाचा मोठा हिस्सा द्यावा लागे, शिवाय वेठ असे ती वेगळीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे कोकणातल्या याच कुळांचा प्रश्न होता. देशावर सावकारी आणि दुष्काळ होते: १८७६ ते १८७८ चा, मग १८९६–९७ चा आणि लगेच १८९९–१९०० चा. कोकणातल्या महारांना लष्कराची नोकरी हा एक जुना आधार होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती भरतीही बंद झाली. १९२९ ते १९३१ या काळात कामगारांची पाहणी करणाऱ्या शाही आयोगाने म्हटले होते, की हा मजूर शहराच्या ओढीने आलेला नसून त्याला गावातून ढकलले गेले आहे. ते खरेच आहे, पण त्यात मी एक भर घालीन. ढकलला गेलेला माणूस गाव सोडण्यासाठी आलेला नव्हता, तो गाव राखण्यासाठी आला होता. सावकाराचे व्याज, खोताचा भाग, घरावरची कौले, बहिणीचे लग्न यांसाठी रोख पैसा हवा होता आणि तो गिरणीत मिळत होता. कोकणात अशा माणसाला ‘चाकरमानी’ म्हणतात. या शब्दात घर सोडल्याची खूण नाही. चाकरीवर गेलेला माणूस घरचाच असतो.

तो एकटा आला, आणि शहर बदलले ते सर्वांत आधी यामुळे. १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या जास्त होती, आणि ही स्थिती अजूनही सरलेली नाही. २०११ च्या जनगणनेतही तिथे हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय गिरणगाव कळत नाही. शहरात चुलीशिवाय राहणारे हजारो पुरुष आणि गावात नांगरटीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळे एकट्याने निभावणाऱ्या बायका, असा हा एकाच कुटुंबाचा दोन ठिकाणी मांडलेला संसार होता. त्याला जोडणारा दोर म्हणजे मनीऑर्डर. टपाल खात्याने ही सोय १८८० मध्ये सुरू केली आणि पुढची शंभर वर्षे कोकणातली कितीतरी गावे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसली. मनीऑर्डरच्या फॉर्मला तळाशी मजकुरासाठी एक छोटी जागा असे. एका वृद्ध बाईंनी मला अशा तुकड्यांची दोऱ्याने बांधलेली चळत दाखवली होती. बहुतेक तुकड्यांवर एकच ओळ होती: पैसे पोचल्याचे कळव, पाऊस कसा आहे. नवऱ्याची पत्रे आहेत का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, हीच की.

एकट्या पुरुषांच्या या वस्तीने शहराला ज्या संस्था दिल्या, त्यांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गाळ्याची. गावकीने चाळीतली एक किंवा दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि गावातून येणाऱ्या प्रत्येकाला तिथे पथारीपुरती जागा द्यायची, अशी ही व्यवस्था. लालबागमध्ये अशी एक खोली मी बारकाईने पाहिली आहे. दहा बाय सोळाच्या आसपासचा चौकोन. भिंतींना लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीवर रंगाने घातलेली आद्याक्षरे. वर दोरीवर टांगलेले कपडे, एका कोपऱ्यात मोरी आणि दुसऱ्यात ग्रामदैवताची तसबीर. पुढे गिरण्या पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा एकाच वळकटीच्या जागेवर पाळीप्रमाणे दोघेतिघे झोपत. सकाळच्या भोंग्याला एक उठून गेला की रातपाळीचा येऊन तिथेच आडवा होई. ट्रंक एवढीच प्रत्येकाची खाजगी मालमत्ता होती. गाळ्याला नियम असत: वर्गणी अमुक तारखेच्या आत, दारू पिऊन आल्यास दंड, भांडण झाल्यास आधी मंडळापुढे सांगायचे आणि मगच बाहेर. गावातल्या पंचांचा वचक दोनशे मैलांवर असाच टिकून राहत असे, कारण इथे वाईट वागलेल्याची बातमी पुढच्या बोटीने घरी पोचायची. गोव्यातून बोटीवर नोकरी शोधायला येणाऱ्या ख्रिस्ती पुरुषांचे ‘कूड’ धोबीतलाव आणि माझगावात होते, तेही याच प्रकारचे. गावागणिक वेगळा कूड, वर्गणी आणि रोज संध्याकाळचा सामूहिक जपमाळेचा पाठ.

गाळ्यात झोपायची सोय झाली, जेवणाचे काय? त्यातून खानावळी निघाल्या. ज्यांची बायको-मुले मुंबईत होती, त्यांच्या घरातल्या बाईने चार, दहा, कधी वीस-पंचवीस गाववाल्यांचे डबे करायचे आणि महिन्याचा हिशेब पगाराला चुकता करून घ्यायचा. ही बाई कामगारांच्या शिरगणतीत कुठेच मोजली गेलेली नाही, पण गिरणी तिच्या चुलीवर चालत होती. पगार महिना संपल्यावरही दहा-पंधरा दिवसांनी होई, त्यामुळे दीड महिना उधारीवर जेवण घालण्याची जोखीम तिच्यावर असे आणि त्यासाठी ती स्वतः वाण्याची आणि सावकाराची देणेकरी होई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, ते याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. त्याआधीची शंभर वर्षे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, अभ्यासकांचेही नाही. माझ्या पहिल्या दहा वर्षांच्या मुलाखतींत मीही खानावळवालीला फक्त पाणी आणून देणारी बाई समजत होतो, हे कबूल केले पाहिजे.

स्त्रिया गिरणीत नव्हत्या असेही नाही. १८९० पासून १९२० च्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा स्त्रियांचा होता, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत. त्यांच्यावर देखरेख करणारीला ‘नायकीण’ म्हणत. पुढे रात्रपाळीची बंदी, १९२९ चा प्रसूतीविषयक कायदा, यंत्रांतले बदल आणि दोन पाळ्यांची पद्धत या सगळ्यांचा हिशेब मालकांनी असा मांडला, की बायका ठेवणे परवडत नाही. कायदा चांगला होता. त्याचा खर्च टाळण्याची वाट मालकांना मोकळी होती. परिणामी गिरणी हळूहळू पुरुषांची झाली आणि बायका डबे, पापड, धुणीभांडी, भाजीची टोपली अशा मोजदाद नसलेल्या कामांकडे ढकलल्या गेल्या.

आता गिरणीच्या फाटकाशी येऊ. कामगार मिळवण्यासाठी मुंबईच्या मालकांना खेडोपाडी दलाल पाठवावे लागले नाहीत. रोज सकाळी फाटकाशी माणसे उभीच असत. त्यांतून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. तो यंत्राचा जाणकार असे, खात्याचा मुकादम असे आणि वस्तीतला वजनदार माणूसही असे. नोकरी तो देई, खोली तो मिळवून देई, अडीनडीला पैसे तोच व्याजाने देई आणि या सगळ्याबद्दल दस्तुरी, म्हणजे आपली दलाली घेई. त्याची भरती आपल्या गावची, आपल्या जातीची, आपल्या ओळखीची असे. म्हणून एखाद्या खात्यात एकाच तालुक्याची माणसे दिसत. याला मागासलेपणाची खूण म्हणण्याची पद्धत आहे. मला वाटते, यात दोन्ही बाजूंचा रोकडा व्यवहार होता. कामाची शाश्वती नव्हती, आजारपणाचा पगार नव्हता, म्हातारपणाची तरतूद नव्हती. मग ओळखीचा माणूस हाच विमा. आणि मालकाला गरजेपुरतीच माणसे हवी होती. मंदी आली की उरलेल्यांना गाव पोसत असे.

‘बदली’ हा शब्द याच व्यवस्थेतून आला. एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई आणि पावसाआधीची घराची डागडुजी, पुढे लावणी, भाद्रपदात गौरी-गणपती, फाल्गुनात शिमगा, अशा वेळी कायम कामगार गावी जाई आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. मालक या गैरहजेरीबद्दल सतत तक्रार करत आणि तिच्यावरच रोजच्या हजेरीचा हिशेबही बसवत. बदलीवाला वर्षानुवर्षे फाटकाशी उभा राहून कायम होण्याची वाट पाही. एका मुलाखतीत एक जण म्हणाला होता, माझी नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या गावाकडच्या पुतण्याचे लग्न. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना महिन्याच्या सुरुवातीला कार्डे देण्याची पद्धत आणली, त्याने जॉबरचा अधिकार कमी झाला, पण संपला नाही.

ही सगळी माणसे राहत कुठे? गिरणीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत, कारण भोंगा चुकला तर फाटक बंद होई आणि दिवस बुडे. १९११ मध्ये शहरातले दहांपैकी जवळपास सात लोक एकाच खोलीच्या घरात राहत होते. चाळ ही काही गावाहून आणलेली गोष्ट नाही. जमिनीच्या कमीत कमी तुकड्यावर जास्तीत जास्त भाडे मिळवण्याचे ते साधन होते. पण लांब सामाईक गॅलरी, एका टोकाला नळ आणि संडास, दारे दिवसभर उघडी, अशा मांडणीत गावची आळी सहज बसली आणि भाड्याच्या हिशेबाने बांधलेल्या इमारतीत शेजाराची एक नवी रीत तयार झाली. तिच्याबद्दल आज फार गोड लिहिले जाते. त्या गॅलऱ्यांतला क्षय आणि नळावरची भांडणे आठवणींतून गळून गेलेली दिसतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गावांकडे निघून गेली. त्या काळातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते: माणसे इतकी कमी झाली, की मजुरी महिन्याने थकवून देणाऱ्या गिरण्या रोजच्या रोज पैसे मोजू लागल्या आणि नाक्यानाक्यावर मजुरांची अक्षरशः बोली लागली. पळून जाता येण्याजोगे गाव असणे ही कामगाराची ताकद होती, हे मालकांना त्या वर्षी कळले. प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या, पण पाडलेल्यांच्या मानाने बांधलेल्या कमीच. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सिमेंट-काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. मुळात रहिवासी मिळेनात म्हणून त्यांतल्या कित्येक रिकाम्या राहिल्या आणि काहींचा उपयोग तुरुंगासारखाही झाला. पुढे त्यांच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या.

आकडे वाचताना एक सावधगिरी या निमित्ताने सांगतो. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू झाल्याचे आकडे मिळतात. तो आकडा भयानकच आहे, पण तो जसाच्या तसा घेऊ नये. पहिली बाळंतपणे माहेरी, म्हणजे गावी होत. जन्माची नोंद तिकडे आणि मूल पुढे शहरात दगावले तर मृत्यूची नोंद इकडे, त्यामुळे भागिले जाणारा आकडा मोठा आणि भागणारा लहान होई. एका खोलीतली कोंदट हवा आणि दुधाची भेसळ यांनी मुले मरत होती यात शंका नाही. पण आईबापांचे आयुष्य दोन जिल्ह्यांत विभागलेले असताना शहराची नोंदवही एकटी पुरत नाही.

जातीचे काय झाले, हा प्रश्नाचा दुसरा भाग. गाव सोडल्याने अस्पृश्यता सुटली नाही. विणकाम खात्यात पगार अधिक असे, पण महारांना तिथे प्रवेश नसे. कारण असे दिले जाई, की मागावर आडवा धागा (बाणा) वाहून नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. म्हणून दलित कामगार कमी पगाराच्या सूतकताई खात्यात. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ते स्वतः परळच्या पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बरीच वर्षे राहिले होते, त्यामुळे फाटकाच्या आतले आणि बाहेरचे दोन्ही त्यांना ठाऊक होते. यंत्राने जात मोडली नाही. ती खात्याखात्यांत वाटून ठेवली. तरीही मी असे म्हणणार नाही की काहीच बदलले नाही. रोख मजुरी, रात्रशाळा, वर्तमानपत्र, चळवळीची सभा आणि गावच्या पाटलाची नजर नसलेला रस्ता यांनी दलित कुटुंबांना जे मोकळे केले, ते गावात राहून मिळाले नसते. इथे क्रमिक पुस्तक बरेचसे खरे आहे.

संघटनेची कथाही अशीच दुहेरी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. आज शहराच्या दिनक्रमात जो रविवार आपण गृहीत धरतो, तो या खेड्यांतून आलेल्या माणसांनी मागून घेतलेला आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणगावाने वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. आणि १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सहा महिने चालला. एवढा काळ सुमारे दीड लाख कामगार जगले कसे? संघटनेकडे तेवढा निधी नव्हताच. हजारो कामगार बोटींनी आणि गाड्यांनी गावी निघून गेले आणि तिथल्या भातावर, नाचणीवर त्यांनी दिवस काढले. जे राहिले त्यांना वाण्याने उधारी दिली, कारण वाण्यालाही याच वस्तीत राहायचे होते. गाळे, मंडळे, व्यायामशाळा, जॉबरांचे गट, सगळे संपाच्या समित्यांत कामी आले. शेतीशी नाते असलेला मजूर खरा कामगार नसतो, असे सांगणाऱ्या सिद्धान्ताची इथे चांगलीच अडचण होते. भारतातला त्या काळचा सर्वांत लढाऊ कामगार हाच होता आणि त्याच्या लढाऊपणाचे कोठार गावी होते.

पण कोठाराला तळ असतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार पुन्हा त्याच हिशेबाने गावी गेले. या वेळी गावची जमीन आणखी तुकड्यांत वाटली गेली होती, मुले चाळीत वाढलेली आणि शेतीला अनोळखी होती. आणि मालकांना मुंबईतल्या गिरण्यांपेक्षा यंत्रमागांवर विणून घेणे आणि पुढे गिरण्यांखालची जमीन अधिक मोलाची वाटू लागली होती. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. माझ्या मुलाखतींत संपाची गोष्ट सांगताना बहुतेकांचा आवाज एकाच वाक्यावर खाली येतो. ते वाक्य हरल्याचे नसते, गावी बसून शेजारच्याची मनीऑर्डर आलेली पाहण्याचे असते.

सणांबद्दल आणि करमणुकीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर बरेच लिहिले गेले आहे. शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार, भजनी मंडळे, तमाशाचे फड, कामगार रंगभूमीचे प्रयोग हे गिरणगावात गावाहून आले, पण इथे त्यांना तिकीट लागले, प्रेक्षक मिश्र झाला आणि विषय बदलले. सार्वजनिक गणेशोत्सव तर शहराकडून गावाकडे गेला, तर घरगुती गणपतीसाठी शहर गावाकडे जाते. दोन्ही दिशांनी वाहतूक चालू होती. मंडळांच्या छापील पत्रकांवर अजूनही ‘मुंबई मंडळ’ आणि ‘ग्रामीण मंडळ’ अशा दोन कार्यकारिणी दिसतात. गावच्या शाळेची खोली, देवळाचा कळस, पाण्याची टाकी यांवर मुंबईकरांच्या वर्गणीचे आकडे कोरलेले असतात, आणि त्या पैशाबरोबर गावच्या कारभारात मुंबईकरांचा शब्दही वजनदार झाला. शहराने गाव बदलले ते असे.

विद्यार्थिनीला तिच्या प्रकल्पासाठी एक सूचना. जुन्या कामगाराला ‘शहर कसे वाटले’ असे विचारू नये. त्यावर तो चार वेळा सांगून गुळगुळीत झालेले उत्तर देतो. पहिली रात्र, पहिली उधारी, पहिली रजा यांबद्दल विचारावे आणि शक्य असेल तर गावकीच्या गाळ्याची जमाखर्चाची वही मागून घ्यावी. मी पाहिलेल्या अशा एका वहीत दर महिन्याला सभासदांची नावे, वर्गणी आणि बाकी असे रकाने होते. काही नावांपुढे वर्गणी निम्मी लिहून शेजारी ‘गावी’ एवढाच शेरा होता. मे महिन्याच्या पानावर हा शेरा जवळपास निम्म्या नावांपुढे होता, आणि त्या पानावर गाळ्याचे भाडे तरीही पूर्ण भरलेले होते. तूट कोणी भरली हे विचारल्यावर वही सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, त्या महिन्यात बदलीवाले झोपायला असत, त्यांची नावे वहीत लिहीत नव्हतो.